नाणे, डाव आणि पाठ : एका खेळसंग्रहाची चिकित्सा

१

एखादी कृती तिच्या मूळ माध्यमातून उचलून दुसऱ्या माध्यमात ठेवली की ती तीच राहते काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. कीर्तनातला अभंग गाथेत छापला जातो, फडावरचे वगनाट्य पुस्तकात येते, आणि कालांतराने त्या मुद्रित रूपालाच आपण 'संहिता' म्हणू लागतो. जे गळले ते गळल्याचीही जाणीव मग उरत नाही. हाच प्रश्न आज एका अगदी वेगळ्या क्षेत्रात नव्याने उभा राहिला आहे. नाणे टाकून उभ्याने खेळायच्या आर्केड यंत्रांवरील व्हिडिओ गेम गेली काही वर्षे संग्रहरूपाने घरच्या पडद्यावर उपलब्ध होत आहेत. या संग्रहांची परीक्षणे बहुधा स्मरणरंजनाच्या अंगाने होतात. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, असा संग्रह ही एक 'आवृत्ती' आहे, आणि आवृत्तीला लावावयाचे निकषच तिला लावले पाहिजेत : निवड कोणती, पाठ कोणता, आणि संपादकाने स्वतःच्या हस्तक्षेपाची कबुली कितपत दिली आहे.

उदाहरणादाखल डिजिटल एक्लिप्स या संस्थेने सिद्ध केलेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकाशित झालेला 'अटारी ५०' हा संग्रह घेतला आहे. अटारी या अमेरिकन कंपनीची स्थापना १९७२ सालची. तिच्या पन्नाशीनिमित्त शंभरावर खेळ येथे एकत्र केले आहेत. परंतु ही नुसती यादी नव्हे. खेळ कालपटांवर मांडलेले आहेत. छायाचित्रे, जाहिराती, अंतर्गत कागदपत्रे आणि निर्मात्यांच्या मुलाखती पाहत पाहत वाचक (हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो) पुढे सरकतो आणि वाटेतच खेळ उघडून खेळतो. टीका आणि मूळ यांची अशी सांगड या क्षेत्रात तरी विरळा आहे. म्हणूनच तिची चिकित्सा करणे सार्थ ठरते.

२

आरंभीच पाठचिकित्सेची मोठी अडचण उभी राहते, ती 'पाँग'च्या संदर्भात. अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी १९७२ मध्ये सिद्ध केलेल्या या खेळात सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. तर्कमंडलांच्या सुट्या चकत्या जोडून चेंडू, फळ्या आणि गुण पडद्यावर उमटविले जात. म्हणजे 'पाँग'ला लिखित आज्ञावली अशी नव्हतीच. नंतरच्या खेळांच्या बाबतीत जुन्या स्मृतिचकतीतील आज्ञावली वाचून नव्या यंत्राकडून तिचे अनुकरण करविता येते. तेथे निदान हस्तलिखित हाती आहे. 'पाँग'च्या बाबतीत हस्तलिखित नाही, केवळ प्रयोग आहे. तेव्हा आज आपण खेळतो ते 'पाँग' म्हणजे प्रयोग पाहून नव्याने रचलेली संहिता होय. १९७६ च्या 'ब्रेकआउट'ची स्थितीही हीच. एकाच संग्रहात, एकाच मांडणीत, जतन केलेले आणि पुनर्रचित असे दोन भिन्न प्रकृतीचे पाठ शेजारी शेजारी नांदतात, आणि खेळताना त्यांतील भेद जाणवत नाही. ग्रंथसंपादनात असे घडले असते तर आपण संपादकाला जाब विचारला असता.

पाठ आज्ञावलीतच संपतो असे मानले तरी अडचण सुटत नाही. १९७९ चा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' आणि १९८१ चा 'टेम्पेस्ट' हे रेषापटावरचे खेळ. त्या पडद्यावर किरणशलाका ठिपक्यांच्या ओळी भरीत नसे. ती थेट रेषाच ओढीत असे. त्यामुळे काळ्या काचेवर गोळीचा बिंदू ज्या प्रखरतेने चमके ती प्रखरता आजच्या पडद्यावर मुळात संभवत नाही. फार तर तिचा आभास निर्माण करता येतो. 'टेम्पेस्ट'मध्ये नळीच्या काठाने फिरण्यासाठी जी गोल कळ होती तिला आदी-अंत नव्हता. ती हवी तितकी गरगर फिरे. आजच्या हातयंत्रावरील दांडी एका मर्यादेपर्यंत कलते आणि थांबते. खेळाची आज्ञावली अक्षरशः तीच असते, पण हाताचे व्याकरण बदललेले असते. छंद मोडून पद्याचे गद्य करावे, शब्द मात्र सगळे राखावेत, तसे हे आहे.

३

सर्वांत मूलगामी बदल मात्र अर्थाच्या पातळीवर घडतो. त्यासाठी डेव्ह थ्योरर यांचा 'मिसाइल कमांड' (१९८०) पाहू. पडद्याच्या तळाशी सहा शहरे, तीन क्षेपणास्त्रतळ. वरून अण्वस्त्रांच्या रेषा उतरत असतात. खेळणारा शत्रूवर हल्ला करीत नाही, करू शकत नाही; तो केवळ वाचवितो. कोणती शहरे सोडून द्यायची हा निर्णय त्याच्यावर येऊन पडतो, आणि विजय नावाची अवस्था या रचनेत नाहीच. शेवटी पडदाभर स्फोट पसरतो व त्यावर 'दि एंड' ही अक्षरे येतात. इतर यंत्रे डाव संपला असे सांगत. हे यंत्र सगळेच संपले असे सांगते. शीतयुद्धाच्या काळातील भयाची इतकी काटेकोर रूपबंधात्मक अभिव्यक्ती तत्कालीन ललित साहित्यातही सहज सापडणार नाही. ती कथानकातून येत नाही, नियमांतून येते.

आता याच खेळाच्या घरगुती यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीकडे वळू. तेथे तीन तळांचा एकच तळ झाला; आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेने हे युद्ध क्रायटॉल व झार्डॉन अशा दोन कल्पित ग्रहांमधले करून टाकले. भय पृथ्वीवरून हलविले गेले. हा केवळ तांत्रिक संक्षेप नव्हे, हा अर्थवाही पाठभेद आहे. संग्रहाचे श्रेय असे की आर्केडचा खेळ आणि घरगुती रूप या दोहोंना त्यात स्थान आहे. त्याची उणीव अशी की ही रूपे वेगवेगळ्या यंत्रांच्या खात्यावर मांडली जातात. पाठभेद म्हणून ती समोरासमोर येत नाहीत.

शिवाय नाणे उरलेले नाही. आर्केडमधील प्रत्येक डावाला मोल होते आणि म्हणून प्रत्येक मरणाला वजन होते. अमेरिकेतील खेळघरांत पुढचा डाव आपला हे सांगण्यासाठी यंत्रावर नाणे ठेवून देण्याची प्रथा होती. म्हणजे खेळणाऱ्याच्या पाठीशी प्रतीक्षा करणारा, पाहणारा, क्वचित हिणवणारा एक समूह होता. उच्चांकाच्या पाटीवर तीन आद्याक्षरे कोरण्याला अर्थ येई तो या समूहामुळे. संग्रहात डाव अमर्याद आहेत, आणि मध्येच जपून ठेवलेला डाव पुन्हा उचलता येतो. जो खेळ अटळ अंतावर उभा आहे, त्यातील अंतच असा परतवता येऊ लागला की त्याचा आशय पातळ होतो. येथे कोणी म्हणेल की नाण्याचे अर्थकारण हे शोषणाचे होते, त्याचा शोक कशाला? आक्षेप रास्त आहे. खेळ अवघड ठेवण्यामागे गल्ला लवकर भरावा हा हेतू होताच. परंतु कृतीच्या रूपबंधाला जन्म देणारी परिस्थिती अन्यायाची होती म्हणून तो रूपबंध त्या परिस्थितीवाचून समजून घेता येईल, असे सिद्ध होत नाही.

४

शेवटचा मुद्दा निवडीचा. १९८४ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारीचे विभाजन केले. घरगुती यंत्रे व संगणक यांचा विभाग जॅक ट्रॅमिएल यांच्याकडे गेला आणि आर्केडचा विभाग 'अटारी गेम्स' या नावाने निराळा झाला. त्यामुळे 'मार्बल मॅडनेस' (१९८४) किंवा 'गॉन्टलेट' (१९८५) हे त्या परंपरेतले खेळ या संग्रहात नाहीत. 'बॅटलझोन'चे हक्क २०१३ मध्ये रिबेलियन या ब्रिटिश संस्थेने घेतले; म्हणून १९८० चे ते मूळ यंत्रही नाही. चित्रपटावर बेतलेला, आणि ज्याच्या न खपलेल्या प्रती १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरल्या गेल्या, तो 'ई. टी.' हा खेळही नाही. येथे इतिहासाची सीमा मालकी हक्काने आखलेली आहे. २०२३ मध्ये अटारीने डिजिटल एक्लिप्सच विकत घेतली, आणि २०२४ मध्ये इन्टेलिव्हिजन हे एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याचे नावही. संपादक आता मालकाच्या घरचा आहे, आणि परंपरेची व्याप्ती खरेदीखतांबरोबर वाढते.

याच्या उलट, जे कधी नव्हते ते मात्र संग्रहात आहे. 'स्वोर्डक्वेस्ट' या मालिकेचा चौथा भाग 'एअरवर्ल्ड' अटारीने कधीच पूर्ण केला नव्हता. संग्रहकर्त्यांनी तो २०२२ मध्ये नव्याने रचून घातला. प्रक्षेप म्हणून तो प्रामाणिक आहे, कारण तो नवा असल्याचे उघड सांगितले आहे. नेमका हाच प्रामाणिकपणा 'पाँग'बाबत आणि अनुपस्थित खेळांबाबत तितक्याच ठळकपणे अपेक्षित आहे.

भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्या आवृत्तीने आपल्याला दिलेला धडा केवळ शुद्ध पाठाचा नाही. स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठही दिसत राहिले पाहिजेत, हा तो धडा आहे. खेळसंग्रहांना अद्याप अशी तळटीप लाभलेली नाही. ज्यांनी ती यंत्रे पाहिली त्यांच्या स्मृतीत ती तळटीप आज आहे. पण ती त्यांच्याबरोबरच जाणार आहे. पुढच्या वाचकाला संग्रह हेच मूळ वाटेल. त्याला 'मिसाइल कमांड' निःशुल्क, परतवता येणारा आणि एकट्याने खेळायचा खेळ म्हणून भेटेल, आणि त्यात काही हरवले आहे हे सांगणारी खूण कोठे नसेल. ती खूण लिहून ठेवणे हे संग्राहकाइतकेच समीक्षकाचेही काम आहे.