मळी, मका आणि माल्ट

व्हिस्कीच्या परीक्षणात ‘मखमली’ हा शब्द दिसला की माझा विश्वास उडतो. मखमल कुणी चाखलीय? त्यापेक्षा तीन साधे प्रश्न बरे: कशापासून केली, पिंपात किती वर्षं ठेवली आणि पाणी घातल्यावर चव टिकते का?

दिवाळीत माकणीला आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून चार बाटल्या आणल्या: भारताची रॉयल स्टॅग, स्कॉटलंडची टीचर्स, आयर्लंडची जेमसन, अमेरिकेची जिम बीम. (चौघंही पंचविशीपार. महाराष्ट्रात त्याआधी व्हिस्की कायद्यानं मिळत नाही.) ग्लास सारखे, लेबलं झाकलेली. एक घोट नुसता, दुसरा पाणी घालून. चखणा बंद, कारण शेव-फरसाणाच्या तिखटापुढे कुठल्याच व्हिस्कीचं काही चालत नाही.

जिम बीम सगळ्यांनी ओळखली. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरते. म्हणून व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेचा वास लगेच येतो. पाण्यानंतर मात्र नुसता गोडवा उरला. जेमसन तीनदा ऊर्ध्वपातित केलेली, घशाला अजिबात टोचत नाही. पण मला ती जरा जास्तच सभ्य वाटली. टीचर्समध्ये धूर आहे. पीट, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पती, जाळून त्या धुरावर माल्ट वाळवतात. एकाला तर हुरड्याची आगटीच आठवली. पाण्यानंतरही तो धूर टिकला. माझा पहिला नंबर तिचाच.

रॉयल स्टॅग शेवटी. तिच्या लेबलवर भारतीय धान्याचं स्पिरिट आणि स्कॉच माल्ट असं मिश्रण सांगितलंय. पहिला घोट गोड, हलका, पण पाण्यानंतर चव पुसट झाली.

याचा दोष आपल्या हवेला देऊ नका. उकाड्यात व्हिस्की उलट लवकर मुरते. बंगळुरूच्या अमृतनं आपली सिंगल माल्ट 2004 मध्ये थेट ग्लासगोत उतरवली आणि जगानं ती मानली. फरक कृतीत आहे. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया न्यूट्रल स्पिरिट. ते इतकं शुद्ध करतात की मूळ पदार्थाची चवच उरत नाही. मग थोडं माल्ट मिसळायचं. स्कॉचला मात्र ओकमध्ये किमान तीन वर्षं काढावीच लागतात.

आणि मूळ पदार्थ पुष्कळदा धान्यही नसतो. कित्येक स्वस्त ब्रँडचं स्पिरिट उसाच्या मळीतून येतं. युरोपीय संघात अशा दारूला व्हिस्की म्हणताच येत नाही. आपले नियम म्हणू देतात.

मला हे खटकतं, कारण माझं गाव निम्न तेरणा धरणाचं आणि जिल्हा दुष्काळाचा. इथे उसावर किती पाणी जातं ते आम्ही बघतो. त्याच उसाची मळी बाटलीत जाते आणि बाटलीवर स्कॉटलंडचा थाट चढतो. उसाचं नाव सांगायची लाज कसली? उसापासूनच्या दारूला जगभर रम म्हणतात आणि लोक ती कौतुकानं पितात.

लेबलवर ठळक अक्षरांत दोनच गोष्टी हव्यात: मळी की धान्य, आणि पिंपात किती वर्षं. बाकीचं जीभ ठरवेल. मळीची असेल तर सरळ रम म्हणा. चांगली निघाली तर मी ती टीचर्सच्याही वर ठेवीन.