‘अ+’चं बटण आणि स्कॅन केलेली सूचना

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. तो दृष्टिहीन आहे, इथंच संभाजीनगरात एम.ए. करतोय. “एक सूचना वाचून दाखव ना, शेवटची तारीख कळत नाहीये.” एका कार्यालयाचं संकेतस्थळ होतं. उघडलं तर वर कोपऱ्यात ‘अ-’, ‘अ’, ‘अ+’ अशी बटणं, शेजारी रंग बदलायची सोय. आणि सूचना? सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेलं चित्र. ‘अ+’ दाबलं की मेनू मोठा होतो, सूचना आहे तेवढीच राहते!

मी पीएचडीत याच गोष्टी तपासतेय, म्हणून जरा खोलात जाते. मित्र एनव्हीडीए वापरतो. ते फुकट आहे, मराठी वाचतं. पण वाचायला मजकूर लागतो, आणि चित्रात नुसते ठिपके असतात. त्याला ऐकू येतं फक्त ‘ग्राफिक’.

वीस वर्षांपूर्वी हे समजण्यासारखं होतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी चिन्हांचा कचरा होऊन दिसायचं, मग लोक चित्रच टाकायचे. आता युनिकोड मराठी साध्या मोबाइलवरही दिसतं. “फॉन्ट तुटतो” ही सबब मला तरी पटत नाही.

वजनाचंही बघा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे ५०० शब्दांची सूचना साधारण १० केबी. स्कॅन सहज शेकडो केबी जातो. सिल्लोडकडच्या एखाद्या वस्तीवर एका काडीच्या नेटवर्कवर ते चित्र उघडेपर्यंत डोळस माणूसही कंटाळतो. (सुंदर वेबफॉन्टही हलके नसतात बरं का, जोडाक्षरांमुळे फाइल फुगते. सूचनेला मोबाइलमधला फॉन्ट पुरतो.)

सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत, दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. ती बटणं बहुधा त्याच यादीवर टिक करायला बसवलेली. सहीची प्रत हवीच असेल तर खाली जोडा, पण वर मजकूर द्या. पानाची भाषा मराठी आहे हेही कोडमध्ये लिहा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो.

तुम्हीही तपासा: सूचनेतल्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल, तर ते बहुतेक चित्रच आहे.

मित्राला तारीख सांगितली. दोन दिवस उरले होते. खाली अर्जाचा नमुनाही होता, तोही स्कॅन केलेला.