स्वतःच्या पानावर काय लिहावे?

अलीकडे प्रत्येक सुशिक्षित मनुष्यास स्वतःचे संकेतस्थळ असावे, अशी एक रूढी पडत चालली आहे. वैद्य, शिक्षक, गायक, कीर्तनकार, निवृत्त अभियंते, सर्वांचेच. पूर्वी गृहस्थाच्या दारावर नावाची पाटी असे, तशी आता ही पाटी. ह्या पाटीविषयी आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे आहे ते पाटीच्या आतल्या मजकुराविषयी. वकिली करीत करीत थोडेफार लेखन करणारा मनुष्य म्हणून भोपाळातील आमच्या मंडळींपैकी अनेकांनी असा मजकूर नजरेखालून घालण्यासाठी आमच्याकडे पाठविला आहे. तो वाचून जे मत बनले ते येथे मांडतो.

हा सारा मजकूर एकाच साच्यातून निघालेला असतो. आरंभी जन्मस्थान, मग पदव्या, मग भूषविलेली पदे, मग पुरस्कार, आणि शेवटी एखाद्या मंत्र्याच्या शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र. लिहिणारा स्वतःच असूनही स्वतःचा उल्लेख ‘ते’ असा करतो. ‘ते मनमिळाऊ स्वभावाचे असून त्यांना वाचनाची आवड आहे.’ पाच पाने वाचली तरी मनुष्य भेटत नाही. एका पानावरचे नाव दुसऱ्या पानावर ठेवले तर शेजाऱ्यालाही फरक कळणार नाही.

ह्यात एक गंमत आहे, ती वकिलाखेरीज इतरांच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या व्यवसायाला जाहिरातीची बंदी आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम 36 प्रमाणे वकिलाने स्वतःची जाहिरात करावयाची नाही. 2008 साली ह्या नियमात दुरुस्ती होऊन वकिलाला संकेतस्थळ ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु त्यावर काय असावे तेही ठरवून दिले. नाव, पत्ता व दूरध्वनी, सनदेचा तपशील, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, आणि कोणत्या प्रकारची कामे करतो ते. बस्स. आमच्यावर ही मर्यादा कायद्याने आली आणि तिचे कारणही योग्य आहे. पण ज्यांच्यावर कसलीच मर्यादा नाही, त्या गायकाने, त्या शिक्षकाने आपखुशीने तीच पाच कलमे भरून स्वस्थ बसावे, ह्याला काय म्हणावे?

लिहिणारे म्हणतात, ‘आमच्या आयुष्यात लिहिण्याजोगे आहे काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीत फार पूर्वी देऊन झालेले आहे, आणि ते देणारा मनुष्य कोणी थोर पुढारी नव्हता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गरीब ब्राह्मण. घरच्या कर्जाने गांजून, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने 1857 साली आपल्या काकांबरोबर निघाले. वाटेत बंडाचा वणवा पेटला. महू, उज्जयिनी, धार, ग्वाल्हेर असे आमच्याच माळव्याच्या व आसपासच्या मुलखातून फिरत ते झाशीस पोहोचले आणि 1858 च्या वेढ्यात सापडले. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांनी हे सारे लिहून काढले. ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक, 1907 साली भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनी प्रसिद्ध केले.

आता कल्पना करा की विष्णुभटांनी आजच्या रीतीचा ‘परिचय’ लिहिला असता. ‘वेदशास्त्रसंपन्न, याज्ञिकी विषयात निष्णात, ग्वाल्हेर व झाशी येथील दरबारांत सन्मानित.’ एवढ्यावर सारे आटोपले असते! त्यातला एक शब्दही खोटा ठरला नसता, आणि वाचण्याजोगा एक शब्दही शिल्लक राहिला नसता. त्यांनी लिहिले ते काय? दक्षिणा किती मिळाली आणि ती वाटेत लुटारूंनी कशी नेली. तोफांचे गोळे शहरात पडू लागले तेव्हा लोक काय करीत होते. शहर पडल्यावर प्राण वाचविण्यासाठी आपण कोठे व कसे लपलो. झाशी सोडून निघालेली राणी वाटेत एका विहिरीपाशी तहानेने व्याकूळ होऊन आली. भटजी पाणी काढून देऊ लागले तेव्हा, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून तिने स्वतःच पाणी काढले. राणीवर ग्रंथ पुष्कळ झाले, पुढेही होतील. पण त्या विहिरीच्या काठावर हा एकच लेखक उभा होता. आणि सरतेशेवटी लुटला गेलेला हा मनुष्य आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परत आला. कर्ज फिटावे म्हणून निघाला होता. घरी आणले ते पाणी. हे त्याने कोठेही न रंगविता सांगितले आहे.

भोपाळात टी. टी. नगर नावाची मोठी वसाहत आहे. आमची कित्येक मंडळी तेथे राहिली. ही दोन इंग्रजी अक्षरे म्हणजे तात्या टोपे, हे तेथे वाढलेल्या मुलांनाही पुष्कळदा सांगावे लागते. झाशीच्या मदतीस आलेल्या तात्यांच्या फौजेचा बेतवेच्या काठी मोड झाला, त्या वेळी विष्णुभट झाशीच्या तटाआत होते. नगराला नाव देणे सोपे असते. नावामागची हकीकत मात्र कोणीतरी बसून लिहावी लागते.

दुसरे उदाहरण आपल्या गोमंतकातले. धर्मानंद कोसंबी हे साखवाळचे. कोंकणी ही त्यांची घरची भाषा, आणि आत्मवृत्त लिहिले मराठीत. ‘निवेदन’ हे त्याचे नाव. 1924 साली ते पुस्तकरूपाने आले. पाली भाषेचे जगन्मान्य पंडित, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम. पदव्यांच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काय कमी होते? पण ‘निवेदना’त आपल्याला भेटतो तो नारळीच्या बागांची देखरेख करणारा, मनाने खचलेला, शाळा अर्धवट राहिलेला एक तरुण. ‘बालबोध’सारख्या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचून त्याच्या मनाने घेतले, आणि 1899 साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून तो घराबाहेर पडला. काशीतील अन्नछत्रातले जेवण, अपमान, दुखणी, पुढे नेपाळ व सिंहलद्वीपाची वाट, हे सारे त्यांनी सांगितले. पत्नीला सोडून जाण्यातला दोषही झाकला नाही. कोसंबींच्या विद्वत्तेचा अधिकार आम्हांस पारखता येत नाही. पण त्या विद्वत्तेची किंमत काय पडली ते त्यांच्या ह्या पुस्तकामुळे कळते. पदव्यांच्या यादीतून ते कधीच कळले नसते.

न्यायालयात साक्षीदाराला आम्ही काय विचारतो? ‘तुम्ही स्वतः काय पाहिले?’ 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातले हे तत्त्व 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसेच आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेले असेल तर पाहणाऱ्याने सांगावे, ऐकलेले असेल तर ऐकणाऱ्याने. साक्षीदार ‘मी प्रतिष्ठित मनुष्य आहे’ असे सांगू लागला की न्यायाधीश त्याला थांबवितात. आमच्या मते स्वतःच्या पानावरील मजकुराला हीच कसोटी लावावी. जे दुसरा कोणीही लिहू शकेल ते गाळावे. जे आपल्यावाचून दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही तेवढे ठेवावे.

आणि भोपाळच्या मराठी माणसापाशी असे काही नाही, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूरचे राजधानीपण गेले आणि भोपाळ राजधानी झाले. कचेऱ्यांबरोबर कित्येक मराठी कुटुंबे नागपुराहून येथे आली, ग्वाल्हेर-इंदुराहून आली, अवजड विद्युत सामग्रीचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हा आणखी आली. ज्या शहरात आपले कोणी नाही तेथे पहिला गणपती कोणाच्या ओट्यावर बसला, पुरोहित कोठून आणला, मुलांना मराठी कोणी शिकविले, हे जाणणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुलांनी त्यांच्या नावे केलेल्या पानांवर काय आहे? ‘उपअभियंता म्हणून निवृत्त.’

मग 2 डिसेंबर 1984 ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि पहाटेपर्यंत शहराचे स्मशान झाले. पुढे 1985 चा दाव्यांसंबंधीचा कायदा, 1989 ची 47 कोटी डॉलरांची तडजोड, पाच लाखांहून अधिक दावे, हा सारा इतिहास आमच्या व्यवसायाच्या दप्तरात नीट नोंदलेला आहे. पण दाव्याचे दप्तर मनुष्याकडून त्याला हवे तेवढेच घेते. मृत्यू, कायमचे अपंगत्व, तात्पुरते अपंगत्व, अशा वर्गांत त्या रात्रीची विभागणी झाली. नव्या भोपाळात झोपलेल्यांना सकाळी काय कळले, कोणी दार उघडले, कोणी उघडले नाही, ह्याला कोणताच वर्ग नव्हता. आम्ही पाहिलेल्या एका पानावर, एका निवृत्त परिचारिकेच्या, ह्या रात्रीविषयी एक ओळ होती: ‘वायुदुर्घटनेच्या वेळी उल्लेखनीय सेवा.’ त्या बाईंनी काय पाहिले असेल! आणि त्या ओळीखाली सन्मानपत्राचे छायाचित्र, चांगले मोठे.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला विनयाचा: स्वतःविषयी इतके लिहिणे बरे दिसत नाही. पण आत्मस्तुती आहे ती पुरस्कारांच्या यादीत; पाहिलेले सांगण्यात नव्हे. दुसरा आक्षेप खरा आहे. आपल्या हकीकतीत इतरांची लाज गुंतलेली असते. तेथे लेखणी आवरलीच पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातले भांडण आपल्या पानावर आणण्याचा अधिकार कोणाला नाही. कोसंबींनी दोष सांगितला तो स्वतःचा, हे विसरू नये.

राहिली भाषा. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापताना विष्णुभटांची भाषा सुधारली, काही भाग गाळला. त्यांच्या काळाला ते आवश्यक वाटले असेल. स्वतः कायद्याचे पंडित, ग्वाल्हेर संस्थानचे न्यायाधीश, त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. तरी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली, तेव्हाच भटजींचा खरा आवाज वाचकांच्या कानी पडला. आज ह्या सुधारणेचे काम मुले करतात, आणि मुलांकडून यंत्र करते. चार शब्द घातले की यंत्र गुळगुळीत परिचय हातात ठेवते. आजोबा ‘गडबड झाली’ म्हणाले की तेथे ‘आव्हानात्मक परिस्थिती’ येते. भोपाळच्या मराठीत हिंदी मिसळलेली आहे, गोव्याकडच्या मराठीत कोंकणी डोकावते. ती तशीच राहू द्यावी. बोलणाऱ्याचे गाव त्या मिसळीवरूनच ओळखू येते.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. संकेतस्थळाच्या नावाचे व जागेचे शुल्क ठरल्या मुदतीला भरावे लागते. गृहस्थ निवर्तला, मुलगा परदेशी, शुल्क भरावयाचे राहिले, की पान नाहीसे होते. विष्णुभटांचे बाड छापखान्यात जाईपर्यंत वीसहून अधिक वर्षे नुसत्या कागदावर टिकले. तेव्हा लिहिलेले कागदावर उतरवून, खाली सही व तारीख घालून, त्याची एक प्रत घरात आणि एक जवळच्या वाचनालयात ठेवावी. पाने नोंदविताना क्रमांक घालावयास विसरू नये.