मान वळली नाही म्हणजे

सहा महिन्यांच्या बाळाला सगळ्या भाषांचे ध्वनी वेगळे ऐकू येतात आणि वर्षाच्या आत ती दारे बंद होतात, हे विधान आपल्याकडे बालसंगोपनावरच्या लिखाणात बिनदिक्कत केले जाते. त्याचे मूळ मुख्यतः जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांच्या १९८४ च्या निबंधात आहे. इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. ध्वनी बदलताच बाळाने मान वळवली, की बक्षीस म्हणून हलते खेळणे दिसे. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरांतल्या वर्षाच्या आसपासच्या बाळांना मात्र तो कळत होता.

गटाविषयीचा निष्कर्ष म्हणून हे मला पटते. आक्षेप पुढच्या उडीला आहे. मान वळली तर फरक ऐकू आला, हे ठीक. न वळली तर? भूक, झोप, कंटाळा, आईच्या मांडीवरची चुळबुळ, यांतले काहीही असू शकते. २०१६ मध्ये अलेहांद्रिना क्रिस्तिया आणि सहकाऱ्यांनी त्याच बाळांच्या दोनदा घेतलेल्या चाचण्या ताडून पाहिल्या. दोन्ही वेळच्या निकालांचा मेळ प्रयोगागणिक बदलत होता. सगळे एकत्र धरले तर तो जवळपास शून्य. म्हणजे गटाची सरासरी टिकते, पण एकेका बाळाचा आकडा टिकत नाही. फूटपट्टी गावाची सरासरी उंची बरोबर सांगते आणि घरातल्या पोराची रोज वेगळी, असा हा प्रकार.

२०२० च्या ‘मेनीबेबीज’ प्रकल्पात ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बाळांना लाडाचे आणि साधे बोलणे ऐकवले. लाडाचे बोलणे आवडते हे दिसले, पण किती आवडते ते मोजण्याच्या पद्धतीवरही अवलंबून होते. आणि ऐकवलेले बोलणे सगळीकडे उत्तर अमेरिकी इंग्रजीच.

नवजात बाळाची श्रवणचाचणी यात ओढू नये. त्यातल्या एका पद्धतीत अंतर्कर्णातून परत येणारा सूक्ष्म आवाज यंत्रच टिपते. बाळ झोपलेले असले तर उलट बरेच. ती चाचणी टाळायला वरचा आक्षेप हे कारण होऊ शकत नाही.

आमच्या कारेगावात, रांजणगाव एमआयडीसीच्या कडेला, भाड्याच्या खोलीतले बाळ आईकडून भोजपुरी ऐकते आणि घरमालकिणीकडून मराठी. मराठीत ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, उच्चारात ज वेगळा. हा फरक त्या बाळाला कोणत्या महिन्यात कळतो, हे तपासायचे असेल तर एका दुपारची एक चाचणी पुरणार नाही. तेच बाळ आठवड्याने पुन्हा बसवावे लागेल, आणि दोन्ही आकडे छापावे लागतील.