सी भाषेतील ऑब्जेक्ट व्यवस्थेचे स्थलांतर : एक चिकित्सा

सी भाषेत वर्गाची सोय नाही. तरीही वस्तुनिष्ठ रचना शक्य असते, हे जीटीके या मुक्त लायब्ररीने दाखवून दिले. २००२ मधील २.० आवृत्तीत जीलिबमधील स्वतंत्र जीऑब्जेक्ट व्यवस्था पायाभूत ठरली आणि जुना जीटीकेऑब्जेक्ट तिचा वारसदार म्हणून उरला. त्यामुळे पडद्याशी संबंध नसलेल्या घटकांनाही वारसा व संदर्भगणना लाभली. देवनागरी जोडाक्षरे मांडणारी पँगो लायब्ररीही याच पायावर उभी आहे. मात्र यातील एक उणीव नोंदवावी लागते. प्रकार बदलताना झालेली चूक बहुधा कंपायलरला दिसत नाही, प्रोग्राम चालतानाच उघड होते. जीटीकेऑब्जेक्ट २०११ च्या ३.० आवृत्तीत वगळला गेला. ही ९ वर्षांची सवलतच या स्थलांतराचे खरे यश होय. म्हणूनच अभ्यासक्रमात नव्या भाषांइतकेच स्थान जुन्या प्रोग्रामच्या स्थलांतरास मिळणे अगत्याचे आहे.