खासगीकरण म्हणजे नेमकं काय?

४ जानेवारी २०२३. राज्यभरातले वीज कर्मचारी संपावर आणि वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटलेला. एक गट म्हणत होता, 'अदानी येऊ द्या की, स्पर्धा होईल, दर उतरतील.' दुसरा म्हणत होता, 'सगळं विकायला काढलंय!' त्याच दिवशी फडणवीसांसोबत बैठक झाली. सरकारी वीज कंपन्यांचं खासगीकरण करणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि संप मिटला. ग्रुपवर पुन्हा गुड मॉर्निंगची फुलं आली. मला मात्र वाटत राहिलं, की मुद्द्याचं कुणी बोललंच नाही.

कोडमध्ये एकाच नावाची दोन वेगळी फंक्शन्स दिसली, तर आम्ही आधी नावं बदलायला लावतो. इथे 'खासगीकरण' या एका नावाखाली दोन गोष्टी होत्या. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-शीळ-कळव्यात २०२० पासून टोरंट पॉवर आहे, ती फ्रँचायझी म्हणून. परवाना महावितरणचाच, दरही तेच. दुरुस्ती, वसुली, गळती रोखणं हे खासगी कंपनीचं काम. अदानींच्या कंपनीनं मागितला होता तो समांतर वितरण परवाना: भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यासाठी. विद्युत कायदा २००३ मध्ये तशी सोय आहे. म्हणजे एकाच भागात दोन कंपन्या आणि निवड ग्राहकाची.

म्हणून 'विकलं' ही घोषणा चुकीची. महावितरण कुणी विकत घेत नव्हतं. पण 'स्पर्धा' म्हणणारेही नकाशाबद्दल गप्प होते. भिवंडी दिली गेली ती गळतीमुळे. ठाणे-पनवेल मागितलं गेलं, तिथे कारखाने, मॉल, ऑफिसं आणि नियमित बिल भरणारे आपण आहोत. महावितरणच्या दररचनेत उद्योग आणि व्यापारी ग्राहक जास्त दर भरतात, त्यातून शेतीपंपांचा काही भार निघतो. हे ग्राहक गेले, तर तो भार उरलेल्यांवर पडणार किंवा सरकारी तिजोरीवर.

माझ्या काकांच्या विहिरीवर असाच एक पंप आहे. माझं बिल दोनशे रुपयांनी उतरलं तर मला आवडेलच. पण ते दोनशे काकांच्या बिलात चढणार असतील, तर ती स्पर्धा कसली? ती वाटणी झाली.

तक्रार संघटनांबद्दलही आहे. शेतकऱ्याला स्वस्त वीज द्यायची असेल, तर पूर्ण रक्कम अर्थसंकल्पात उघडपणे दाखवा, दुसऱ्याच्या बिलात लपवू नका, ही मागणी त्यांनी लावून धरायला हवी होती. सरकारी कंपनी वाचवणं आणि ती आज चालते तशीच चालू ठेवणं, या दोन गोष्टीही एक नाहीत.

हा वाद पुन्हा येईल. तेव्हा ग्रुपवर मी दोनच प्रश्न टाकणार आहे: फ्रँचायझी की परवाना? आणि नकाशातून कोण वगळलंय?