पाचव्या वर्षाचे छोटे घर

वास्तुकलेच्या पदवीच्या पाचव्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रबंध-प्रकल्प करावा लागतो, आणि त्यात छोटे, चाकोरीबाहेरचे घर हा हमखास आवडता विषय आहे. कंटेनरमधली खोली, घडी होणाऱ्या भिंती, एकावर एक रचलेले षटकोनी कप्पे असे आकार ज्यूरीसमोर लगेच उठून दिसतात. पण जागा कोणाची, भाडे कोण देणार, मुलाचे लग्न झाले की खोली कुठे वाढणार, हे प्रश्न शीटवर क्वचितच उतरतात.

नवी मुंबईत या प्रश्नांची उत्तरे आधीच बांधलेली आहेत. 1970 मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी संपादित झाल्या. घणसोली हे त्यांपैकी एक, आगरी-कोळ्यांचे गाव. शेती गेली आणि गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली. कुटुंबे मात्र वाढत गेली. त्यातून उभी राहिली ती सरकारी भाषेतली ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. जुन्या ओटी-पडवीच्या जागी आरसीसीचा सांगाडा आला. खाली मालकाचे घर आणि वर भाड्याच्या खोल्या. जिना अनेकदा बाहेरून चढतो, त्यामुळे भाडेकरूची ये-जा मालकाच्या स्वयंपाकघरावरून होत नाही. वास्तुरचनेच्या दृष्टीने ही साधी वाटणारी युक्ती बऱ्याच षटकोनांपेक्षा सरस आहे. गौरवीकरणाचे मात्र काही कारण नाही. दोन घरांमधली फट इतकी अरुंद असते की मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडतो.

विद्यार्थ्यांचे खरे बळ अशा ठिकाणी मोजणीत दिसते. वास्तुकला विद्यार्थ्यांच्या ‘नासा’ या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये वस्त्यांच्या दस्तऐवजीकरणासाठी लुई कान यांच्या नावाची स्वतंत्र ट्रॉफी आहे. पायरीची उंची, मोरीची जागा, वाळत घातलेले कपडे, सारे काही प्रमाणात काढलेले असते. पुढे त्याच वस्तीवर नवी रचना सुचवताना ही मापे बाजूला पडतात आणि कोऱ्या भूखंडावरचे घर अवतरते. समीक्षेला खटकते ती ही फारकत.

तिला उत्तर देणारा प्रयोग घणसोलीपासून दूर नाही. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात 45 ते 75 चौरस मीटरच्या भूखंडांवर सुटी घरे आखली. सात घरांना मिळून सुमारे आठ मीटर लांबीरुंदीचे एक अंगण दिले. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, ती मुद्दाम, म्हणजे ज्याला वाढवायचे त्याने विचारल्याशिवाय वाढवावे. रहिवाशांनी ते इतके मनावर घेतले की मूळ घरे आता शोधावी लागतात. अभ्यासदौऱ्यावर आलेले विद्यार्थी बहुधा कोरियांचा मूळ प्लॅन गिरवतात. नंतर चढलेले मजले त्यांना बिघाड वाटतात. वास्तविक प्रकल्पाचा निकाल त्या मजल्यांतच वाचायला हवा.

विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली घरे थोडी. आयआयटी मुंबई आणि रचना संसदची अकादमी ऑफ आर्किटेक्चर यांच्या ‘टीम शून्य’ने 2014 मध्ये व्हर्सायच्या सोलर डेकॅथ्लॉन युरोप स्पर्धेसाठी सौरऊर्जेवर चालणारे घर उभे केले. सांधा प्रत्यक्ष जुळवावा लागला की काय शिकायला मिळते, हे त्यातून दिसले. गल्ली, शेजार आणि भाडेकरू मात्र स्पर्धेच्या मैदानावर नसतात. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या ‘रूरल स्टुडिओ’ने 2005 पासून उलट बाजूने सुरुवात केली: आधी वीस हजार डॉलरची मर्यादा, मग आकार. घरात राहणारे ग्राहकही खरेच होते.

घणसोलीसाठी असा प्रकल्प हाती घेणाऱ्याने सेक्शनपासून सुरुवात करावी. राष्ट्रीय बांधकाम संहिता एकखोली घरासाठी किमान 9.5 चौरस मीटर आणि 2.4 मीटर रुंदी मागते. तेवढ्यात माळा, बाहेरचा जिना आणि मधल्या खोलीत उजेड आणणारा चौक बसवणे हे पुरेसे अवघड काम आहे. सोबत मालकीचा नकाशा हवा. या घरांच्या नियमितीकरणाचे शासननिर्णय एकाहून अधिक वेळा निघाले आहेत, आणि कोणती भिंत पाडता येईल हे ठरवताना त्या कागदांचे वजन कॉलमइतकेच असते. टप्प्याटप्प्याचे प्लॅन आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च काढून दाखवणाऱ्या शीट आजही मोजक्याच आहेत.